धुतलेला हरभरा

वस्ती, केनवडजवळ
३० नोव्हेंबर २०२४

अंजू,

तुला आणि राजपालला आशीर्वाद. हे पत्र वीरेंद्रच्या गाडीनं पाठवते आहे. दर पंधरा दिवसांनी तो ऊसतोडीच्या टोळीतल्या माणसांची पिठं-तिखटं घेऊन तुमच्या फडावर येतो, तर माझा एक कागदही आणील. किती घेशील विचारलं तर म्हणाला, "काकू, कागदाचं काय वजन लागते?"

तू म्हणशील, फोन असताना सासूला हे काय सुचलं. राजपालचा फोन बिघडल्यापासून मुकादमाच्या फोनवर रविवारी दोन मिनिटं मिळतात. तो विचारतो, "बरं हाये न?" मी म्हणते, "बरं हाये." झालं. इकडे शेजारच्या भुरीबाईच्या फोनभोवती अर्धी वस्ती उभी, तिकडे तुमची टोळी. सासू-सुनेचं बोलणं असं चौकात होतं का?

पोरं चांगली आहेत. शाळेत दुपारी खिचडी मिळते, म्हणून शाळेचे दिवस सोपे जातात. रविवार मोठा असतो. त्या दिवशी दोघांना सकाळपासून भूक लागते. इतर दिवशी ती कुठं लपून बसते कोण जाणे.

राजपाल आठवड्याला चारशे पाठवतो त्यात भागतं. मी बाजाराला उशिरा जाते, माणसं पाल सोडायला लागली की. सकाळी ज्या पैशात मेथीची एक जुडी येते, त्यात तेव्हा तीन येतात. रुखमाबाई वांगेवाली मला लांबून पाहते आणि ओरडते, "आला व माय उठता बाजार! ठेवा हिच्यासाठी किडके वांगे!" मी म्हणते, "किडकेच दे. किडा जगला त्या वांग्यात म्हणजे औषध कमी मारलं असन." ती हसते. मी हसून म्हणते, पण खरंच म्हणते. तुला माहीत आहे.

डाळ आठवड्यात दोनदा, एरवी भाजी-भाकरी, नाही तर बेसन. तेल मी झाकणानं घालते, बाटलीनं नाही. रेशनचे गहू-तांदूळ वेळेवर आले. मीही पोटभर जेवते. इकडची काळजी करू नको.

निकितानं हे पत्र तपासलं. नऊ चुका काढल्या. सहावीतली पोरगी, पण मास्तरीणबाईसारखी चष्म्यावरून पाहते. चष्मा नसताना.

हेमला


ऊसतोडीचा तळ, कराडजवळ
२ डिसेंबर २०२४

आत्याबाई,

पाया पडते. तुमचं पत्र कोपीत बसून वाचलं. कोपी म्हणजे आमचं पाचटाचं खोपटं, त्यात बसलं की डोकं वर टेकतं. शेजारच्या कोपीतली कस्तुराबाई मंगरूळपीरकडची आहे, साठीला आली तरी ऊस तोडते. ती म्हणाली, "सासूनं पत्र धाडलं? माही सासू असती तर बिल धाडलं असतं."

तुम्ही लिहिता पोटभर जेवते. निकिता फोनवर दुसरंच म्हणाली. म्हणाली, आजी आम्हाला वाढते आणि मागून चुलीपाशी भिंतीकडे तोंड करून जेवते, तिच्या ताटात काय आहे ते दिसतच नाही. आत्याबाई, तुमच्या पिढीच्या सगळ्याच बायका तशा मागून जेवतात, हे मला माहीत आहे. पण पोरीनं ते मला सांगावं असं तिला का वाटलं?

मला शिवमची भीती वाटते. दोन वर्षांचा असताना अंगणवाडीच्या ताईनं त्याचं वजन लाल रेषेखाली मांडलं होतं, ते माझ्या डोळ्यापुढून जात नाही. सहा वर्षांचा झाला तरी मी त्याला उचलते तेव्हा आधी जड झाला की हलका, हेच पाहते. त्याचे दंड बघत जा.

आता एक सांगते. राजपाल म्हणाले होते एवढ्यात सांगू नको. मला चौथा महिना चालू आहे. दिवाळीत निघाले तेव्हा मलाही पक्कं माहीत नव्हतं. तुम्ही रागावाल. कस्तुराबाई रोज रागावते. "पोटुशी बाई अन् डोक्यावर मोळी! तुह्या नवऱ्याले डोळे हायेत का बटनं?" पण इथं नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. एक बसला तर दुसऱ्याचंही काम बंद. मुकादम जोडी मोडू देत नाही. मी लहान मोळ्या बांधते.

तोंडाला चव नाही. भाजलेल्या हरभऱ्याच्या पिठाचे गुळातले लाडू तुम्ही शिवमच्या वेळी केले होते, तेच सारखे आठवतात. पाठवा म्हणत नाही. नुसतं लिहिलं.

अंजू


वस्ती
१४ डिसेंबर २०२४

अंजू,

रागावले नाही. पत्र वाचून आधी खूप आनंद झाला, मग चूल पेटवायची विसरले, मग भीती वाटली. तू वाकून ऊस तोडते आहेस आणि मी इथं सावलीत. राजपालला सांग, मोळी तू उचलायची नाही, फक्त बांधायची. माझं नाव सांग.

डब्यात लाडू आहेत. सगळे तुझे. राजपालला एकही देऊ नको, त्याला उसाच्या कांड्या आहेत.

यंदा डाळी-हरभऱ्याचे भाव विचारू नको. दोन बाजार मी नुसती वास घेऊन परत आले. पण परवाच्या बाजारात शेवटाला एक माणूस चादरीवर हरभरा घेऊन बसला होता. दुकानाच्या निम्म्या भावात. इकडचा नव्हता, बोलण्यावरून वाटलं. मी म्हटलं, "निम्म्यात काहून देऊन राह्यला रे? चोरीचा हाये का?" म्हणाला, "मावशी, पेरून उरला. घरी ठेवून किडे खातीन. खडा नाही, माती नाही, धुऊन वाळवून आणला." दाणा हातात घेतला, खरंच एवढा स्वच्छ की बाजारात असा मिळत नाही. साल जरा सुरकुतलेली होती. मी आणखी दोन रुपये तोडून पाच किलो घेतला. पाच किलो, अंजू! तुमच्या लग्नानंतर एवढं धान्य मी एका दमात घेतलं नव्हतं.

दोन दिवस घरात सण होता. हरभरा भाजला, जात्यावर भरडला, साल पाखडली, पीठ गिरणीतून बारीक आणलं. शिवम परातीभोवती मांजरासारखा फिरत होता. "आईचे लाडू हायेत," म्हटलं तर म्हणतो, "आई एवढे खाईन का? पोट फुटन तिचं." पोराला मी अजून काही सांगितलेलं नाही, पण बोलला बरोबर. भाजलेले मूठभर दाणे त्यालाही दिले. बाकीचा हरभरा पोरांच्या उसळीला ठेवला आहे. महिनाभर डाळीकडे बघायला नको.

रोज एक खा. दोन खाल्लेस तरी चालेल.

हेमला


वस्ती
१७ डिसेंबर २०२४

अंजू,

लाडू खाऊ नको. हे पत्र हातात येईल तेव्हा डब्यात जे उरलं असेल ते खाऊ नको, कुणाला देऊ नको, गुरांना टाकू नको. खोल पुरून टाक.

तो हरभरा बियाण्याचा होता. औषध लावलेला. धुऊन विकला.

मी पाखडलेली साल अंगणात टाकली होती. रविवारी सकाळी भुरीबाई दोन कोंबड्या पायाला धरून माझ्या दारात आली. "काय टाकलं व तू अंगणात? माह्या कोंबड्या लोळून राह्यल्या." मी म्हटलं सालीशिवाय काही नाही. म्हटलं आणि सालीवरच शंका आली. घरात गेले, उरलेल्यातला वाटीभर हरभरा पाण्यात घातला. तासाभरानं पाणी गुलाबी झालं. फार नाही. पांढऱ्या वाटीत होतं म्हणून दिसलं. दाण्याचं नाक असतं ना, त्या खाचेत रंग बसला होता, धुऊनही गेला नव्हता.

शिवमला आदल्या दिवशीच तीन उलट्या झाल्या होत्या. मी समजले गूळ जास्त खाल्ला. त्याला उचलून सरकारी दवाखान्यात पळाले. डॉक्टरबाईनं सलाईन लावलं, दिवसभर ठेवलं. आता खेळतो आहे. तुझी शपथ घेऊन सांगते, खेळतो आहे, सकाळी मला लाथ मारून उठवलं. डॉक्टरबाईला तुझं सांगितलं तर तिनं विचारलं, किती महिने? मी सांगितलं. ती म्हणाली, लगेच फोन करून थांबवा.

फोन करते आहे तेव्हापासून. मुकादमाचा लागत नाही. त्याची बायको म्हणते टोळी नव्या फडावर सरकली, तिथं रेंज नाही, पण ती निरोप पोचवते. वीरेंद्रचा फोन बंद आहे. म्हणून हे टपालानं टाकते. टपालाला पाच दिवस लागतात, मला माहीत आहे. रोज एक खा असं मी लिहिलं होतं. पाच दिवसांचे पाच.

राजपालचे बाबा दुसऱ्याच्या शेतात फवारणी करून आले आणि त्याच हातानं भाकरी मोडली. तिसऱ्या दिवशी गेले. तेव्हा ते औषधाचं डबडं मी पुन्हा पुन्हा उलटं-सुलटं पाहायची, त्यावर काय लिहिलं आहे ते मला वाचता येत नव्हतं, त्यांनाही येत नव्हतं. निकिताच्या पहिलीच्या पुस्तकावर मी अक्षरं शिकले, ते त्यासाठी. हे तुला ठाऊक आहे. एक सांगितलं नव्हतं. डबडं मी टाकलं नव्हतं. जोडाक्षरं यायला लागल्यावर पहिल्यांदा तेच वाचलं. "हात साबणाने स्वच्छ धुवावेत." एवढंच होतं. तेव्हापासून घरात येणारी प्रत्येक पुडी मी वाचते. मिठाची पिशवीसुद्धा वाचते.

चादरीवरच्या हरभऱ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

खाऊ नको, अंजू.

हेमला


ऊसतोडीचा तळ
१८ डिसेंबर २०२४

आत्याबाई,

पाया पडते. डबा मिळाला. वीरेंद्र परत निघाला आहे, घाईत लिहिते.

लाडू फार छान झाले आहेत. तुमच्या हाताची चव तशीच आहे. रोज एक खाते. राजपालला देत नाही, तुम्ही सांगितलं तसंच. खाल्ल्यावर जिवाला बरं वाटतं.

इकडे थंडी पडली आहे. पोरांना माझे पापे द्या. शिवमला सांगा, पोट फुटत नाही.

अंजू


वस्ती
२३ डिसेंबर २०२४

अंजू,

तुझं पत्र वीरेंद्रनं शुक्रवारी आणून दिलं. मी दारातच वाचलं. रोज एक खाते, हे वाचल्यावर मला पुढचं दिसेना. वीरेंद्र विचारत होता, "काय झालं काकू?" मी त्याला विचारलं, तू पाहिलंस का तिला, कशी होती? म्हणाला, "दुपारी गेलो तं वहिनी पडूनच होती. उठून बसली, कागद लिहून देला, परत आडवी झाली. थकली असन."

दुपारी पडून. उसाच्या हंगामात कोण पडून राहतं?

काल रविवार होता. राजपालचा फोन आला. शब्द न् शब्द लिहिते, कारण रात्रभर मी तेच ऐकते आहे.

"बरं हाये न?"

मी म्हटलं, "अंजूनं लाडू खाल्ले का रे? माहा निरोप भेटला का?"

"भेटला. आजच भेटला. आता नाई खात."

"किती खाल्ले?"

"मले काय माहीत? खाल्ले असतीन."

"तिले फोन दे."

"झोपली हाये."

"सकाळचे अकरा वाजले, राजपाल. तिले दवाखान्यात ने. आज ने."

तो बोललाच नाही. मुकादम मागं ओरडत होता, त्यानं फोन घेतला. त्याचे बाबा गेले तेव्हा तो तीन दिवस असाच गप्प होता. ते गेल्याचं मला त्यानं सांगितलंच नाही. दवाखान्यातून आला आणि बैलाला पाणी दाखवायला गेला, त्यावरून मी ओळखलं.

आता मी तुला जे सांगते ते कुणालाच सांगितलं नाही. हरभरा भाजताना वास आला होता. तो वास मला माहीत आहे. त्यांचा तो शेवटचा सदरा मी सात वेळा धुतला होता, तरी जात नव्हता. कढईवर वाकले आणि तोच वास नाकात आला, आणि मी स्वतःला म्हटलं, पोत्याचा असेल. अंजू, चादरीवर पोतं नव्हतंच. मी हात थांबवला नाही. पाच किलो होता, निम्म्या भावात होता, आणि तुला लाडू खावेसे वाटत होते. मला तो वास नको होता म्हणून मी तो घेतला नाही. घाबरट बाई एवढ्या सगळ्या पुड्या वाचते आणि जेव्हा नाकानं वाचायची वेळ येते तेव्हा नाक बंद करते.

पोरं शाळेत गेली की मी दाराशी बसते. कुणी रस्त्यानं येताना दिसलं की वाटतं हा तुझी खबर घेऊन येतो आहे. परवा पोस्टमन आला, तो भुरीबाईचं बँकेचं पत्र घेऊन. त्याला लांबून पाहून मी दार लावून घेतलं होतं. तो हसला, "मावशी, मी का चोर हाये?"

मीच निघाले असते. पण भुरीबाई लेकीकडे जाते आहे, आठ दिवस नाही, आणि शिवमला अजून कुणाच्या भरवशावर टाकायची हिंमत होत नाही.

एक ओळ लिही. राजपालची नको. तुझ्या अक्षरातली पाहिजे. काय झालं असेल ते लिही. मी वाचीन.

हेमला


ऊसतोडीचा तळ
३१ डिसेंबर २०२४

आत्याबाई,

तुमची दोन्ही पत्रं आली. पहिलं कारखान्याच्या टपालात पडून राहिलं होतं, दोन्ही एकाच दिवशी हातात पडली. दुसरं वाचून, त्यांनी फोनवर तुम्हाला एवढंही नीट सांगितलं नाही म्हणून, मी राजपालशी तीन वर्षांत भांडले नव्हते तेवढी भांडले.

मी तुमचा एकही लाडू खाल्लेला नाही.

पोटातलं पोरगं ११ तारखेला गेलं. तुम्ही लाडू वळायला घेतले त्याच्याही आधी. ट्रक भरत होतो. फळीवरून मोळी घेऊन चढताना माझा पाय घसरला नाही, काही नाही, नुसतं आत काहीतरी सुटल्यासारखं झालं. मोळी तरी वर टाकली. खाली उतरले आणि उसाच्या सरीत बसले. कस्तुराबाईनं लुगडं आडवं धरलं. ती त्या दिवशी एक शब्द रागावली नाही, तेव्हा मला कळलं. राजपालनी मला दवाखान्यात नेलं, एक रात्र ठेवलं. चौथ्या दिवशी मी पुन्हा फडावर गेले आणि तापानं पडले. वीरेंद्र आला तेव्हा, आणि तुमचा फोन आला तेव्हा, मी तापात होते.

मी राजपालना म्हटलं होतं आईला सांगू नका, होळीला घरी गेल्यावर मी सांगीन. तुम्ही एकट्या, पोरं तुमच्याजवळ, तुम्हाला काय काय सांगायचं? आणि मग तो डबा आला. पत्रात लिहिलेलं, सगळे तुझे. मी झाकण उघडलं, बघितलं, परत लावलं. खाल्ला नाही, कारण घास उतरत नव्हता. ज्याच्यासाठी होते तोच नव्हता. पण तुम्हाला मी काय लिहायचं होतं? छान झाले लिहिलं. तुम्ही मला लिहिता पोटभर जेवते, तसंच मी लिहिलं.

निरोप आला तो असा आला: "राजपालच्या बायकोला सांगा, सासू म्हणते लाडू खाऊ नको." सगळी टोळी हसली. मुकादम म्हणाला, "धाडले कायले मंग? मोजून परत पाहिजेत का बुढीले?" मलाही तेव्हा काही कळलं नाही. तुमचं पत्र वाचल्यावर डबा कोयत्यानं खड्डा करून पुरला, वर दगड ठेवला. कस्तुराबाई जवळ उभी होती. तिनं मला विचारलं, "एक तं खाल्ला नाई न?" मी म्हटलं नाही. तुम्हालाही तेच सांगते. तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही. दवाखान्याच्या कागदावर ११ तारीख आहे, मी तो जपून ठेवला आहे, घरी आल्यावर तुमच्या हातात देईन. तुम्ही वाचून पाहा. तुमचा कागदावर विश्वास आहे.

तुम्ही वासाचं लिहिलंत ते मी कुणाला सांगणार नाही. पण मला राग आला, आत्याबाई, खरं सांगते. हरभऱ्याचा नाही. निम्म्या भावाच्या हरभऱ्यावर हात टाकावा लागला एवढी घरात ओढाताण होती आणि तुम्ही मला लिहीत होता की भागतं. आता तुम्ही खरं लिहा. घरात काय आहे? तुम्ही काय खाता? मी माझं सगळं लिहिलं.

ताप उतरला आहे. परवापासून फडावर जाते.

अंजू


वस्ती
५ जानेवारी २०२५

अंजू,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला बरं वाटलं. माझ्या हातून झालं नाही, एवढंच दिसलं. मग कळलं मी कशावर बरं वाटून घेते आहे, आणि परातीत ज्वारीचं पीठ तसंच ठेवून मी मागच्या दारी जाऊन बसले. तुझ्या पोटातलं गेलं आणि मी इथं तुला लिहीत होते, दोन खाल्लेस तरी चालेल. तुला आडवं लुगडं धरायला परकी बाई होती. कस्तुराबाईला माझा नमस्कार सांग. मी तिला भेटणार आहे.

कागद दाखवू नको. मी वाचणार नाही. तू लिहिलंस तेवढं पुरे.

आता खरं लिहिते.

रेशन दोन महिने मिळालेलं नाही. मशीनवर माझा अंगठा उठत नाही. भांडी, शेण, निंदण, रेषा राहिल्याच नाहीत. दुकानातला शालिग्राम दर वेळी बोट पुसून देतो, तेल लावतो, लिंबू लावतो, मग म्हणतो, "काकू, मशीन म्हणते या बाईले बोटंच नाईत." निकिताचा अंगठाही जुळत नाही, तिचं आधार लहानपणीचं आहे. राजपालचा नाही तर तुझा लागेल म्हणतो. तुम्ही दोघं तिकडे. म्हणून गहू-तांदूळ नाही. चारशेत ज्वारीच घ्यावी लागते, आणि ज्वारी घेतली की डाळ राहते.

मी दिवसाला एक भाकरी खाते. कधी अर्धी. पोरांना दोन्ही वेळ दिली आहे, त्यात खोटं नाही. शिवमचे दंड मी पाहिले. हरभऱ्याच्या आधी भरत होते, आता थोडे उतरलेत. दवाखान्यात वजन केलं, अंगणवाडीच्या ताईला विचारलं, रेषा कुठली? ती म्हणाली, पिवळी, लालच्या जरा वरची. मला हे लिहायची भीती वाटत होती.

गेल्या बाजाराच्या दिवशी गेले. तो माणूस नव्हता. मी त्याच्या जागेवर उभी राहिले आणि येणाऱ्या बायकांना सांगितलं, इथं कुणी स्वस्त हरभरा घेऊन बसला तर आधी पांढऱ्या वाटीत भिजवून पाहा. कुणी ऐकलं, कुणी वेडी समजून बाजूनं गेलं. मग रुखमाबाई तराजू टाकून आली आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं ओरडायला लागली. तिचा आवाज बसस्थानकापर्यंत जातो. कृषी खात्याच्या पोरालाही सांगितलं, त्यानं नाव-गाव लिहून घेतलं. उरलेला हरभरा त्याच्यापुढं पुरला.

आता नीट वाच. मी ठरवलं आहे, आणि राजपालशी आज फोनवर बोलले, सगळी वस्ती ऐकत होती तरी बोलले. मुकादमाला जोडी पाहिजे. मी येते. कोयता मला नवा नाही, तुमच्या लग्नाआधी चार हंगाम मी आणि राजपालचे बाबा तोडीला जात होतो. मुकादमानं फोन घेतला, म्हणाला, "बुढे, मोळी उचलशील का?" मी म्हटलं, "उचलणार राजपाल. मी तोडीन अन् बांधीन. अन् बुढी म्हणशील तं तुह्या मायले येऊन सांगीन, माही वर्गातली हाये ते." मी कुठल्याच वर्गात नव्हते, पण तो हसला आणि हो म्हणाला.

तू घरी यायचंस. तुझा अंगठा मशीनवर लागेल, महिन्याचं धान्य घरात येईल, शिवमच्या पुढं आई असेल. मी इथं दाराशी बसून घाबरत होते, त्यापेक्षा तिकडे उसात घाबरेन. तुझ्याबद्दल घाबरावं लागणार नाही, हे तरी होईल.

नाही म्हणू नको. तुझं अंग अजून कच्चं आहे. फळीवर पुन्हा चढायचं नाही.

मी इकडची कामं लिहून ठेवते. पहिल्या दिवशी रेशनच्या दुकानात जा, शालिग्राम दुपारी बंद करतो. अंगणवाडीच्या ताईला शिवमचं वजन दर महिन्याला करायला लाव, ती टाळते. रुखमाबाईला माझं नाव सांग, नाही तर ती तुला चांगली वांगी देऊन पैसे जास्त घेईल. रविवारसाठी शनिवारीच काहीतरी राखून ठेव.

वीरेंद्र संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी निघतो. मी त्याच्या गाडीत येते, तू त्याच गाडीत परत ये. दोन दिवस पोरं भुरीबाईकडे राहतील. कोंबड्यांचा राग तिनं सोडला आहे, म्हणजे बोलून दाखवते पण सोडला आहे. गाठोडं बांधून ठेव. गाडी तिथं अर्धाच तास थांबते म्हणे. तेवढ्यात आपण दोघी समोरासमोर बसून जेवू. चार भाकरी मी घरून आणते. दोन तुझ्या, दोन माझ्या.

हेमला